घटातले जव

आमच्या कोरीटच्या नानांबद्दल कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. एक गोष्ट सांगायला घेते आणि अर्ध्यात वाटतं, छे, ही ऐकून माणूस वेडा वाटेल. मग दुसरी सांगते, तर तिच्यात नाना फार शहाणे वाटतात. तेही खरं नाही. मी धुळ्याला राहून बी.एस्सी. ॲग्री केलं. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि हे सांगायची संधी मी सोडत नाही. पिकाचं नवं वाण कसं तयार करतात, हे मी परीक्षेत झकास लिहिलेलं आहे. तरी ज्या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत एक वाण तयार केलं, तो नेमकं काय करत होता, हे मला आजही धड सांगता येत नाही.

नाना तरुणपणी हरियाणात गेले, तिथं माल्टच्या कारखान्यात लागले आणि केस पांढरे झाल्यावर गावी परत आले. माल्ट म्हणजे काय, ते सांगून टाकते. जव भिजवायचा, त्याला मोड आणायचे, मोड जरासे दिसले की वाळवायचा आणि मंद आचेवर भाजायचा. गोडसर, खमंग दाणा तयार होतो. लहान पोरांच्या दुधात घालायची पावडर त्याची करतात आणि बिअरही त्याचीच करतात. गावाला यातली पावडर तेवढी माहीत होती. बिअरचं नानांनी सांगितलं नाही आणि लपवलंही नाही. कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडं जव पिकवतं कोण? कापूस, मिरची, पपई, फार तर गहू-हरभरा. जव म्हणजे नवरात्रात घटाला लागतो तेवढा, किराणा दुकानातून मूठभर आणायचा. त्यात कारखान्याचा जव मोठा नखरेल. दाणा टपोरा, पण त्याला लांबलचक थंडी हवी. "आपली थंडी म्हणजे पाहुणी," नाना म्हणायचे. "पिशवी खुंटीले टांगाच्या आत निंघी जास." म्हणून त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याकडचा एक बारीक, काटक जव शोधून आणला होता आणि कारखान्याच्या जवाशी त्याचं लग्न लावलं होतं. बाप टपोरा, आई काटक. पोरं कुणावर जातात, ते बघत नाना वर्षानुवर्षं वावरात बसले होते.

बसले होते म्हणजे खरंच बसलेले. थंडीच्या सकाळी बांधावर उन्हाकडं पाठ करून, हातात चिमटा घेऊन. एकेका फुलातले पुंकेसर काढायचे आणि कणसावर कागदाची पिशवी चढवायची. निंदणीच्या बायका रस्त्यानं जाताना ओरडायच्या, "नाना, ऑपरेशन व्हयनं का?" नाना मान वर न करता म्हणायचे, "पेशंट बरा शे. नातेवाईकेस्नी गर्दी करू नका."

माझं शिक्षण झालं, नोकरीच्या परीक्षा देत मी घरी बसले होते, तेव्हा नानांनीच मला बोलावलं. मी सर्टिफिकेटांची फाइल घेऊन गेले. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. शर्टाला दोन खिसे. उजव्यात कच्चा जव, डाव्यात भाजलेला. उजव्यातला एक दाणा काढून त्यांनी माझ्या कानाजवळ धरला आणि पुढच्या दातांनी फोडला.

"काय ऐकू उनं?"

"कट्."

"काच शे. आते हाऊ ऐक."

दुसरा दाणा फुटला, तो भुसकन. "हाऊ खडू. खडू चांगला. काचना माल्ट व्हस नही."

मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "तू सध्या काच शे. ये उद्यापासून."

मला राग आला. पदवी घेतलेल्या मुलीला काच म्हणायचं म्हणजे काय? पण पुढं कळलं, ते सगळ्या जगालाच काच आणि खडू यांत वाटून टाकायचे. एकदा रनाळ्याच्या एका मोठ्या शेतकऱ्याला त्यांनी चारचौघांत "तुम्ही एकदम खडू मानूस" असं म्हटलं. तो उठून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. "मी तर कौतुक करं," नाना मला म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं की तो का गेला.

गव्हावर त्यांचा विनाकारण राग. "गहू म्हनजे सरकारी नोकर. सांगं तव्हय येस, सांगं तितला देस, आनि घर जास. जव म्हनजे नातेवाईक. त्याले समजी लेनं पडस." मी म्हणायचे, "नाना, नातेवाईकांपेक्षा सरकारी नोकर बरा." त्यावर ते मनापासून मान डोलवायचे. "खरं शे तुन्हं." आणि परत जवाकडं.

त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे डोक्याला ताप. सकाळी म्हणत, "वरली ओळ कोरडी पडी ऱ्हायनी, पानी सोड." मी पाणी सोडायचे. दुपारी येऊन विचारायचे, "पानी कोन्ही सोडं?" "तुम्हीच म्हणालात ना." "मी तुले थोडंच सांगं? मी मनातल्या मनात बोली ऱ्हायंथू." मनातल्या मनात बोलणं त्यांचं अर्ध्या शिवाराला ऐकू जायचं. त्यातलं कुठलं माझ्यासाठी आणि कुठलं स्वतःसाठी, हे मला कधी ओळखता आलं नाही.

भाजायचा ड्रम त्यांनी नंदुरबारच्या शब्बीरचाचांकडून बनवून घेतला होता. चाचांचं पत्र्याचं काम, तीन पिढ्यांचं दुकान. जुन्या तेलाच्या ड्रमला भोकं पाडून, दांडा लावून, हातानं फिरवायचं यंत्र. चाचा दर खेपेला विचारायचे, "नाना, इसमें आखिर पकता क्या है?" नाना म्हणायचे, "सबर." चाचा माझ्याकडं बघून म्हणायचे, "बेटी, तू पढीलिखी है, तू बता." मी काय सांगणार? मी नुसती हसायचे.

आता मुख्य गोष्टीवर येते. माल्टसाठी दाणा टपोरा असून भागत नाही, तो सगळा एका वेळी उगवला पाहिजे. निम्मे दाणे आज फुटले आणि निम्मे परवा, तर आजचे फार पुढं जातात, परवाचे कच्चे राहतात आणि अख्खी रास वाया. नानांच्या जवात टपोरेपणा आला होता, लवकर पिकणं आलं होतं. एकदम उगवणं आलं नव्हतं. आणि हे तपासायची त्यांची प्रयोगशाळा म्हणजे गावातले देवीचे घट.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नाना कागदी पुड्या घेऊन घरोघर फिरायचे. एका घरी एका ओळीचा, म्हणजे एकाच वंशाचा, जव. बायकांना घटासाठी जव लागायचाच. फुकटचा, ताजा, शिवाय टपोरा, त्या खूश. मग पाचव्या माळेला नाना पुन्हा फिरायचे. चप्पल बाहेर काढून, देवीला हात जोडून, घटाशी बसायचे आणि कोंबांकडं इतका वेळ बघत राहायचे की घरातल्या बाईला अवघडायला व्हायचं.

"नाना, चहा ठेवू का?"

"नको. ह्या कोपराले पानी कमी टाकतीस का तू?"

"नही हो, बठ्ठाले सारखंच टाकस."

"मंग ह्या चार दाना काबरं झोपेल शेतस?"

माझं पुस्तकी डोकं हे बघून गरगरायचं. एका घरात घट खिडकीशी, दुसऱ्यात चुलीशी. कुणी तांब्याभर पाणी घालतं, कुणी चूळभर. मी नानांना म्हटलं, "याला चाचणी म्हणत नाहीत. सगळीकडं माती सारखी पाहिजे, ऊब सारखी पाहिजे." नाना म्हणाले, "बरोबर." वाद घालणार म्हणून मी कंबर कसून उभी, आणि हा माणूस 'बरोबर' म्हणून पुढच्या घरी निघाला.

त्या वर्षी आमच्या घरचा घट असा आला, की बघत राहावं. एकही दाणा मागं नाही. पाचव्या माळेला सगळे कोंब एका उंचीचे, कातरीनं कापल्यासारखे. शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्या, "तुमनावर देवी प्रसन्न शे वं." माझी माय वरवर नको नको म्हणत होती, पण पदर सावरण्यात तोरा होता. नाना आले, बसले. मग डाव्या खिशातून भाजलेला जव काढून त्यांनी देवीपुढं ठेवला. असं त्यांना करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर येऊन मला म्हणाले, "सापडना."

नेमका तेव्हाच पुण्याचा एक मुलगा त्यांच्या मागं लागला होता. त्याची छोटी, स्वतःची बिअर बनवायची जागा होती आणि त्याला इथल्या मातीत पिकलेला जव पाहिजे होता. उन्हाळ्यापर्यंत पोतंभर चांगला जव द्या, पुढं कायमचा तुमचाच घेईन, असं त्याचं म्हणणं. नानांच्या विहिरीला हिवाळ्याच्या शेवटी एका तुकड्यापुरतंच पाणी. म्हणजे त्या तुकड्यात जी ओळ पेरायची, तीच पुण्याला जाणार. चुकीची पेरली, तर मुलगा हातचा गेला आणि तितक्या वर्षांचं बसणं बांधावरच राहिलं. त्या वयात दुसरं गिऱ्हाईक शोधायला नाना कुठं जाणार होते?

संध्याकाळी मी कौतुकानं मायला विचारलं, "काय केलं गं तू घटाला?"

ती सहज म्हणाली, "काय करनं? भिजाडी ठिया. सकायले ज्यासले मोड दिखनात त्या निवडी लिन्ह्या, त्याच पेऱ्या."

"आणि बाकीचे?"

"कोंबड्यास्ले टाकी दिन्हात. एकबी दाना मागं ऱ्हायना तर देवी रुसस ना."

मी डोक्याला हात लावला. जवाचा गुण नव्हता तो. माझ्या मायनं आधी परीक्षा घेऊन पास झालेलेच वर्गात बसवले होते. मी तशीच नानांच्या घरी पळाले आणि सांगितलं. वाटलं, आता हा माणूस कोसळणार.

नाना हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"कोंबड्यास्ले?"

"हो."

"आळशी बठ्ठा कोंबडीना पोटमा. मंग घटमा कोन ऱ्हायना?"

मी म्हटलं, "नाना, ही ओळ एकसारखी नाहीये, हे समजतंय का तुम्हाला?"

"नहीच शे. पुडीमा चपळबी व्हतात, आळशीबी व्हतात. तुन्ही मायनी चपळ तेवढा वेगळा काढी दिन्हा. ते काम मी करालेच पाहिजे व्हतं." थांबून म्हणाले, "माले त्या रोपं पाहिजेत."

पुस्तकाप्रमाणं यात अर्धं तथ्य होतं आणि अर्धा जुगार. दाणा लवकर फुटला तो त्याच्या रक्तात होतं म्हणून, की त्याला त्या रात्री पाणी जरा जास्त मिळालं म्हणून, हे एका घटावरून ठरवता येत नाही. हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर." या 'बरोबर'चं काय करायचं, मला सांगा.

दोन दिवसांनी पुण्याचा मुलगा आला. नाना त्याला घेऊन थेट आमच्या घरी, घट दाखवायला आणि त्यातली रोपं तुकड्यात लावायला म्हणून मायकडं मागायला. मुलगा चांगल्या घरचा, चप्पल काढून आत आला, देवीला नमस्कार केला. घट बघून त्याचा चेहरा फुलला आणि तो माझ्या मायला म्हणाला, "काकू, तुमच्या या जवाची बिअर एकदम भारी होणार!"

माय घटाच्या दिव्यात तेल घालत होती. तिचा हात थांबला. माझ्या मामाचं दारूनं काय झालं, ते तिनं जवळून पाहिलं होतं. नवरात्रात तर आमच्या घरी तो शब्दही कुणी काढत नाही.  ती नानांकडं वळली.

"नाना, हाऊ पोऱ्या काय म्हनी ऱ्हायना?"

"खरं सांगी ऱ्हायना, ताई."

"मंग दूधनी पावडर?"

"ते तुम्ही लोके म्हनतस. मी कव्हय सांगं?"

"देवीना जव दारूले?"

मला वाटलं, नाना आता समजूत काढतील. जव तर कशालाही वापरतात, बिअर म्हणजे काही हातभट्टी नव्हे, असं काहीतरी. मी असते तर हेच बोलले असते. ते म्हणाले, "हो."

"तुम्ही पेतस?"

"नही."

"कव्हयच नही?"

"नही. वास लेस फक्त."

मायनं तेलाची वाटी खाली ठेवली. "पेत नही, तर मंग करतस कसाले?"

 नाना खिशात हात घालून दाणे चाळवत होते. शेवटी म्हणाले, "जव चांगला येवाले पाहिजे म्हनीसन."

"कसाकरता चांगला?"

"ते माले सांगता येत नही, ताई."

हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं, की माझ्या मायला रागावतासुद्धा येईना. ती म्हणाली, "दसराले देखसू," आणि आत गेली. मुलगा माझ्याकडं, मी नानांकडं. नाना घटाकडं बघत होते.

ते गेल्यावर मायनं मला धारेवर धरलं. "तुले माहीत व्हतं?" मी म्हटलं, हो, तो एक धंदा आहे, तिकडं मोठमोठी माणसं करतात. "शिकीसन हाई शिकनी," ती म्हणाली. त्यानंतर जेवणं झाली, भांडी झाली, तरी तो विषय निघाला नाही. ती कुठल्या बाजूला झुकतेय, ते मला कळेना. देवीसमोर बसायची तेव्हा ओठ हलायचे, पण ती देवीला विचारत होती की देवीला सांगत होती, कोण जाणे.

मी नानांना विचारलं, "तिनं नाही म्हटलं तर? पुडीतला उरलेला जव पेराल ना तुकड्यात?"

"नही."

"मग काय पेराल?"

"काहीच नही."

"आणि पुण्याचा मुलगा? त्याला काय द्याल?"

"आळशी जव देवू का त्याले?" ते माझ्यावरच चिडले.

दसऱ्याच्या सकाळी मायनं पूजा केली, घट हलवला. चार कोंब वडिलांच्या टोपीत खोचले, चार माझ्या केसांत. बाकीचा घट मातीसकट पाटीत घेऊन डोक्यावर ठेवला आणि निघाली. नेहमीसारखी नदीकडं निघाली असेल, असं समजून मी मागोमाग. ती नानांच्या वावराकडं वळली.

तुकडा तयार होता, सरी पाडलेल्या, पाणी सोडलेलं. नाना बांधावर उभे, पुण्याचा मुलगाही तिथंच. त्याला निकाल बघायचा होता. मायनं पाटी डोक्यावरून उतरवली नाही. तशीच उभी राहून तिनं मुलाला विचारलं, "तुन्ही माय शे का रे भो?"

"आहे ना काकू."

"तिले माहीत शे का, तू काय धंदा करस ते?"

मुलगा एक क्षण गांगरला. मग त्यानं सरळ खिशातून फोन काढला, आईला लावला, "आई, जरा एका काकूंशी बोल" म्हणाला आणि फोन माझ्या मायच्या हातात दिला.

तिनं आता पाटी खाली ठेवली. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"हां, नमस्कार. मी कोरीटहून बोलस... शे ना, आठेच शे तुमना पोऱ्या... जेवना, जेवना, भाकर खाद्यी त्यानी... ते नही वं ताई. तो काय बनावस, तुमले माहीत शे का?... हां... आं?... मंग तुम्ही काय म्हनात?..." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. एकदा तिनं तोंडावर पदर धरला. हसली की काय झालं, मला दिसलं नाही. "...मन्हीबी तशीच शे. शिकीसन घर बठेल शे... हां... हां... बरं."

तिनं फोन परत दिला. मुलगा अधीर होऊन म्हणाला, "काय म्हणाली आई?"

"तुले काय करनं शे?" माय म्हणाली. मग नानांना, "बाजूले व्हा."

आणि तिनं पदर खोचला. मिरचीची रोपं लावायला तिच्या हाताशी आमच्या शिवारात कुणी बरोबरी करत नाही. ती वाकली आणि जवाचे ते पिवळट, नाजूक कोंब एकेक करून सरीत बसवायला लागली. नाना मागून "हळू, ताई, मुळी दुमडस," करत वाकून चालायला लागले. "नाना, मी लावू का तुम्ही लावतस?" "तुम्हीच लावा." "मंग मुकाट बठा." नाना बसले. पाटीतले मूठभर कोंब तिनं ठेवले आणि जाताना नदीत सोडले. "तिना वाटा तिले," एवढंच म्हणाली.

त्या बाईंनी पुण्याहून माझ्या मायला काय सांगितलं, ते मी नंतर कितीदा विचारलं. एकदा म्हणाली, "ती बाई चांगली शे." एकदा म्हणाली, "तिना आवाज नीट येत नव्हता." दोन्ही उत्तरं तिनं सारख्याच चेहऱ्यानं दिली.

नाना मुलाला म्हणाले, "यंदा तुले पोतं नही."

"नाना! मी लोकांना सांगून ठेवलंय."

"मंग आखो सांगी ठेव."

"मला यंदा राजस्थानचा जव घ्यावा लागेल मग."

"ले ना. चांगला शे तो." आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून डाव्या खिशातले दाणे काढून त्याच्या हातावर ठेवले. मुलगा दाणे चावत गाडीत बसून गेला. 

दुपारी ऊन कडक पडलं. घराच्या सावलीत वाढलेले कोंब ते, संध्याकाळपर्यंत बहुतेक आडवे झाले. नानांनी ओली बारदानं टाकली, तुराट्यांची सावली केली. तरी थोडेच जगले. फाल्गुनात त्यांच्या कणसांचा जव निघाला तो एक ओंजळ. मी म्हटलं, नाना, सगळ्या तुकड्याचं पाणी या ओंजळीला घातलं आपण. नाना ती ओंजळ या हातातून त्या हातात ओतत होते आणि लग्नघरात असावा तसा त्यांचा चेहरा होता.

पुढच्या हिवाळ्यात त्या ओंजळीची पाटी झाली. पण नानांना धाप लागायला लागली होती. बांधापर्यंत जातानाही दोनदा बसायचे. सुरतहून त्यांची मुलगी न्यायला आली. निघायच्या दिवशी नाना ती पाटी घेऊन आमच्या दारात आले आणि माझ्या मायपुढं ठेवली.

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू? पदवी माझ्याकडं, दोन हिवाळे पाणी मी दिलं, चिमटा धरायला मी शिकले. मी विचारलं, "नाना, मला का नाही?"

"तुले उद्या नोकरी लागी. तू निंघी जाशी. तुन्ही माय कोठे जाई?"

 लागलीच मला नोकरी, शहाद्याला, आणि गेलेच मी.

मायनं मात्र पाटीला हात लावायच्या आधी विचारलं, "दारू करानी का नही करानी, ते सांगी जा."

"ते आते तुम्ही ठरावा," नाना म्हणाले. रिक्षात बसले. मागं वळून बघतील असं वाटलं होतं, पण ते रिक्षावाल्याशी गव्हाबद्दल वाद घालत होते.

मायनं तो जव आमच्या विहिरीखालच्या तुकड्यात पेरला. दुधाच्या पावडरीसाठी नाही, बिअरसाठी नाही. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाली, "बी वाया जावू देनं का?" यंदा घरात त्याची पोती आहेत. आणि या नवरात्रात तिनं घटाला तोच जव घातला, न निवडता, न भिजवता, मुठीनं उचलून टाकला तसा. मी सुट्टी घेऊन घरी आले होते. सगळा एकदम उगवला. मी घटाशी बसून शोधलं, एक दाणा मागं राहिलेला सापडेना.

पुण्याच्या मुलाचा फोन वर्षातून दोनदा येतोच. या वेळी मी त्याला सांगून टाकलं. तो ओरडलाच. म्हणाला, उद्या निघतो, काकूंना विचारा. मी मायला विचारलं.

ती म्हणाली, "त्याले सांग, आखो एक वरीस."

"का? झाला ना आता जव?"

"एक सालना काय भरोसा? देखसू."

हे जवाबद्दल बोलत होती की स्वतःच्या मनाबद्दल, मला कळेना. नानांसारखीच बोलायला लागली आहे ती. मी म्हटलं, आता एकच माणूस हिला सांगू शकतो. मी सुरतला फोन लावला. मुलीनं उचलला, हळू आवाजात म्हणाली, हल्ली झोपूनच असतात, जास्त बोलू देऊ नका. मग नानांचा श्वास ऐकू आला, मग नाना.

घट कसा आला, ते मी सांगितलं. "बठ्ठा उगना?" त्यांनी विचारलं.

"बठ्ठा. सगळाच्या सगळा."

"कोन्ही निवडेल नव्हता ना?"

"नाही नाना. मुठीनं टाकला होता."

 "पोऱ्याले दिन्हा?"

"नाही. माय म्हणते, अजून एक वर्ष बघू." आणि मी घाईनं म्हणाले, "तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ती ऐकेल. तुमच्या हयातीत..." 

"मी कसाले सांगू? जव तिना शे." खोकला आला, तो जाईपर्यंत मी थांबले. "एक वरीस म्हनस ना ती? बरोबर शे. मंग थांबनं पडी."

आणि हसले. जणू वर्षांचीच पोती रचून ठेवली आहेत त्यांच्या खाटेखाली.